आधी साखर की आधी आतडं?

मधुमेहाच्या डॉक्टरांकडून मिळालेल्या आहाराच्या कागदावर लिहिलेलं असतं: ज्वारी-नाचणीची भाकरी, मोड आलेली कडधान्यं, दोन्ही वेळा कोशिंबीर, फळ खायचं तर सालासकट, भात बेतानं. पोटविकारतज्ज्ञांच्या कागदावर असतं: मऊभात, वरणाचं पाणी, साल आणि बिया काढून शिजवलेला दुधी, कच्चं काही नको, कडधान्यं तूर्तास बंद. आपापल्या जागी दोन्ही कागद बरोबर आहेत. पण ज्यांना मधुमेह आहे आणि आतड्याचा जुनाट दाहही आहे, त्यांच्या घरात हे दोन्ही कागद फ्रिजवर शेजारी शेजारी लावलेले असतात. आज त्यातला कोणता पाळायचा, हे मात्र कुठल्याच कागदावर नसतं.

माझ्या मते हे दोन आजार कायम सारख्याच काटेकोरपणे सांभाळता येत नाहीत आणि तसा हट्टही धरू नये. आतडं उसळलेलं असेल तेव्हा आतड्याला पुढे होऊ द्यावं, साखर फक्त धोक्याबाहेर ठेवावी. आतडं शांत झालं की साखरेची सगळी शिस्त परत आणावी. आज पाळी कोणाची, हे दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवलं की बाकीचे बरेच गोंधळ आपोआप कमी होतात.

आतड्याच्या या आजाराला डॉक्टर ‘आयबीडी’ म्हणतात, म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज. आयबीएसशी त्याची गल्लत नेहमी होते. आयबीएसमध्ये पोट बिघडतं, पण आतड्याला जखम नसते. आयबीडीत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते आणि खरोखरचे व्रण पडतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात वर सरकतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. रक्त आणि आव पडते, मुरडा येतो, शौचाला धावावं लागतं. क्रोन्स हा दुसरा प्रकार. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतो, आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो. त्यामुळे कधी आतडं आक्रसून अरुंद होतं, तर कधी भगेंद्र होतं.

हा पाश्चात्त्यांचा आजार, अशी आपल्याकडे बरीच वर्षं समजूत होती. पंजाबमधल्या पाहणीचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे मात्र लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं सांगतात. मधुमेहाबद्दल तर वेगळं सांगायलाच नको. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानं भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यात गोवा २६.४ टक्क्यांसह सगळ्यांत पुढे होतं. एवढ्या मोठ्या संख्येमुळे हे दोन आजार एकाच माणसात भेटणारच. शिवाय ती भेट निव्वळ योगायोगाचीही नसते. डेन्मार्कच्या राष्ट्रीय आरोग्यनोंदींवरून असं दिसलं, की आयबीडीच्या रुग्णांना टाइप-२ मधुमेह होण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दीडपट आहे. स्टेरॉइड हे त्याचं एक कारण आहेच. शरीरात सतत धुमसणारा दाह इन्सुलिनचा परिणाम बोथट करतो, हे दुसरं.

स्टेरॉइडपाशी जरा जास्त थांबायला हवं, कारण या दोन आजारांची सगळ्यांत मोठी टक्कर तिथे होते.

ऑक्सफर्डचे सिडनी ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी १९५५ मध्ये कॉर्टिसोनचा अल्सरेटिव्ह कोलायटिसवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी या आजाराचा तीव्र झटका अनेकांचा जीव घेत असे. तेव्हापासून आजपर्यंत उसळी आटोक्यात आणायला स्टेरॉइड हे हुकमी औषध आहे. पण तेच यकृताला जास्त साखर सोडायला लावतं आणि स्नायूंना इन्सुलिनला दाद देऊ देत नाही. सकाळी आठला प्रेडनिसोलोन घेतलं, तर त्याचा जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत राहतो आणि पहाटेपर्यंत ओसरतो.

समजा, पन्नाशीच्या एका बाईंना क्रोन्सच्या उसळीसाठी रोज सकाळी ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू केलंय. त्यांचा ग्लुकोमीटर साधारण असा चालतो: सकाळी उपाशीपोटी ११२, दुपारी जेवणाआधी १८०, जेवणानंतर दोन तासांनी २९०, संध्याकाळी सहाला ३४०, झोपताना २३०, आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर पुन्हा ११०. आपल्याकडे बहुतेक जण फक्त उपाशीपोटीची साखर बघतात. या बाईंनी तसं केलं, तर सगळं ठीक चाललंय असंच वाटेल. उलट कोणी संध्याकाळचा ३४० बघून घाबरून रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन वाढवलं, तर पहाटे चारला घामानं भिजून, थरथरत जाग येईल. औषधाचा जोर दुपारी आहे, तर उपायही दुपारी पोचला पाहिजे. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा स्टेरॉइडच्या गोळीबरोबरच सकाळी मध्यम पल्ल्याचं इन्सुलिन देतात किंवा दुपारच्या जेवणाआधी झटपट काम करणारं. स्टेरॉइड चालू असताना फक्त एकदाच साखर तपासणं शक्य असेल, तर ती दुपारच्या जेवणानंतर तपासावी.

पुढचा धोका स्टेरॉइड कमी होताना येतो. ४० वरून ३५, मग ३०, असं दर आठवड्याला उतरवत नेतात. प्रत्येक पायरीला इन्सुलिनची गरजही उतरते. पोटाच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड कमी केलं, हे मधुमेहाच्या डॉक्टरांना कोणी सांगितलंच नाही, तर चार आठवड्यांनी साखर ५०वर येऊन माणूस कोसळू शकतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्या त्या तारखेच्या चौकटीत स्टेरॉइडचा डोस आणि खाली इन्सुलिनचं युनिट लिहावं. स्टेरॉइड उतरलं आणि खालचा आकडा तसाच राहिला, तर त्याच दिवशी फोन करावा.

आणि साखर कितीही चढलेली दिसली, तरी स्टेरॉइड मनानं एकदम थांबवू नये. काही आठवडे गोळी घेतल्यावर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं मंदावलेलं असतं. अचानक थांबवल्यास रक्तदाब आणि साखर दोन्ही धोकादायक पातळीला उतरू शकतात, शिवाय आतडं पुन्हा उसळतं. ‘साखर वाढवणारी गोळी बंद केली’ म्हणून निश्चिंत झालेली माणसं त्याच आठवड्यात दवाखान्यात भरती होतात. मधुमेह असलेल्या रुग्णानं स्टेरॉइड सुरू होतानाच विचारावं, की हे किती दिवसांत संपवायचं आहे आणि नंतर कशावर राहायचं आहे. मेसालामाइन, अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब, व्हेडोलिझुमॅब यांनी साखर स्टेरॉइडसारखी चढत नाही. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइडच, पण ते आतड्यात काम करून यकृतात बहुतांशी निकामी होतं. आजार सौम्य असेल तर त्याचा विचार होऊ शकतो.

आता तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी. साखर लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी सुमारे १२० दिवस जगते, या हिशेबावर ती उभी आहे. आयबीडीत हा हिशेबच बिघडतो. रक्त पडून पडून लोह कमी झालं की पेशी जास्त काळ रक्तात फिरत राहतात आणि सरासरी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. लोहाचं सलाइन दिलं, रक्त चढवलं, की नव्या पेशींची गर्दी होते आणि तीच सरासरी खोटी खाली येते. सल्फासालाझिनमुळे कधी कधी लाल पेशी लवकर फुटतात, तेव्हाही ती कमी दिसते. ७ आलं म्हणून पेढे वाटायचे नाहीत आणि ९ आलं म्हणून लगेच डोस वाढवायचा नाही. आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघायचं. फ्रुक्टोसामाइन ही पर्यायी चाचणी आहे, पण रक्तातलं अल्ब्युमिन घसरलेलं असेल, आणि तीव्र उसळीत ते घसरतंच, तर तिच्यावरही भिस्त ठेवता येत नाही. अशा वेळी बोटाला टोचून घेतलेले रोजचे आकडे किंवा दंडावर लावायचा सेन्सर यांवरच विश्वास ठेवावा.

गोळ्यांची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं पहिलं औषध, आणि त्यानं जुलाब होणं अगदी सामान्य. मग रुग्णाला कळत नाही, की आतडं उसळलंय की गोळी बाधतेय. हळूहळू विरघळणारी गोळी जेवणाबरोबर घेतल्यास बहुतेकांना सोसते. पण जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी आटलं असेल, तेव्हा मेटफॉर्मिन थांबवायचं असतं, कारण मूत्रपिंडांवर ताण आला की रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि तिच्याबरोबर पाणीही जातं. दिवसातून दहा वेळा जुलाब होत असताना त्या चालू ठेवल्या, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन साचून माणूस गंभीर होऊ शकतो.

व्होग्लिबोज आणि अकार्बोज यांबद्दल मला विशेष काळजी वाटते. या गोळ्या पिष्टमय पदार्थांचं पचन मुद्दाम लांबवतात, न पचलेलं अन्न पुढे मोठ्या आतड्यात जातं, तिथे आंबून वायू होतो. आयबीडी असणाऱ्यांनी त्या घेऊ नयेत, असं अकार्बोजच्या माहितीपत्रकात स्पष्ट म्हटलेलं असतं. आपल्याकडे मात्र ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज या तिन्हींची मिळून एकच गोळी सर्रास लिहिली जाते. स्ट्रिपवर ठळक अक्षरांत ब्रँडचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत ही तीन नावं. कोलायटिसचं निदान झालं, की आधी घरातली स्ट्रिप उजेडात धरून ती बारीक अक्षरं वाचावीत. व्होग्लिबोज चालू असताना साखर एकदम उतरली, तर घरातली साधी साखर पटकन लागू पडत नाही, ग्लुकोजची पावडरच द्यावी लागते, हेही घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

ग्लिमेपिराइडचा धोका वेगळ्या वाटेनं येतो. कोलायटिसच्या रुग्णाला पुण्याहून कोल्हापूरला एसटीनं जायचंय. वाटेत शौचाला धावावं लागू नये म्हणून तो सकाळपासून काही खात नाही. सवयीनं गोळी मात्र घेतो. साताऱ्याच्या पुढे हात कापायला लागतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाजूच्या प्रवाशाला वाटतं, गाडी लागली. आतडं सांभाळायला उपाशी राहणं आणि उपाशीपोटी साखरेची गोळी घेणं, या दोन सवयी इतक्या सहज एकत्र येतात, की हा प्रसंग पुष्कळांच्या वाट्याला येतो. प्रवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. पिशवीत ग्लुकोमीटर, ग्लुकोज, ओआरएसची पाकिटं आणि कपड्यांचा एक जोड असावा. तीव्र उसळीत खाण्याचा नेम नसतो, म्हणून डॉक्टर गोळ्या बाजूला ठेवून इन्सुलिनवर आणतात. ‘इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी’ ही भीती इथे अगदी अस्थानी आहे. जेवढं खाल्लं तेवढंच युनिट, ही मोकळीक कुठल्याच गोळीत मिळत नाही.

उसळीतल्या खाण्याबद्दलही अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. पेज, मऊभात, उकडलेला बटाटा यांनी साखर चढते, हे खरं. पण आतड्याला सूज असताना, विशेषतः आतडं अरुंद झालेलं असताना, गवारीची शेंग, मक्याचे दाणे, संत्र्याचा चोथा किंवा मूठभर शेंगदाणे पोटात अडकून शस्त्रक्रियेची वेळ आणू शकतात. दोन आठवडे साखर १८०च्या आसपास राहिली, तर कुठला अवयव निकामी होत नाही. त्यातल्या त्यात करता येण्यासारखं बरंच आहे. पेज वाटीभरच घ्यावी, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं, आणि प्रत्येक वेळी भाताच्या आधी प्रथिनं पोटात जावीत: मऊ उकडलेलं अंडं, वाफवलेला मासा, खिमा, सोसत असेल तर घट्ट दही किंवा पनीर. उसळीत शरीर प्रथिनं भराभर गमावतं, त्यामुळे आतड्यालाही त्यांची गरज असते.

ओआरएसच्या पाकिटावर ग्लुकोज लिहिलेलं पाहून मधुमेही ते बाजूला सारतात आणि नुसतं पाणी पीत राहतात. त्यानं तहान भागते, पण गेलेलं मीठ भरून येत नाही. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेणारी प्रथिनं असतात. थोडं ग्लुकोज असल्याखेरीज मीठ आणि त्यामागून पाणी नीट शोषलंच जात नाही. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धातल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी सलाइन संपल्यावर याच मिश्रणानं पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एका लिटरला ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम आहे. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत त्याच्या दुपटीहून जास्त साखर असते. ओआरएस दिवसभरात घोटाघोटानं प्यायलं तर रक्तातल्या साखरेत फारसा फरक पडत नाही. पाकिटातली पावडर मात्र सूत्राबरहुकूमच घ्यावी. टेट्रापॅकमधली गोड फळपेयं बराच काळ ओआरएस या नावानं खपत होती, आणि त्यांत साखर कितीतरी जास्त असते.

आतडं शांत झालं, की उलटा प्रवास सुरू करायचा. शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन आहे. ते पूर्ववत झालं, तर दाह खरोखर निवळला असं समजतात. आता भाकरी, सालाची मूगडाळ, शिजवलेल्या पालेभाज्या, मग मोड काढून नीट शिजवलेले मूग, असा एकेक पदार्थ चार-चार दिवसांच्या अंतरानं वाढवत न्यावा. उसळीतलं पथ्य कायमचं धरून बसणारी पुष्कळ माणसं आहेत. भीतीपोटी वर्षानुवर्षं भात आणि बटाट्यावर राहतात, आणि आतडं ठणठणीत असताना मधुमेह डोळ्यांपर्यंत पोचतो. मला हे उसळीत साखर चढण्यापेक्षा जास्त नुकसानीचं वाटतं.

काही तक्रारी दोन्ही आजारांच्या दारात सारख्याच उभ्या असतात. रात्री झोपेतून उठवणारे, पाण्यासारखे, पोट न दुखता होणारे जुलाब जुन्या मधुमेहानं आतड्याच्या नसा बिघडल्यामुळेही होतात. रक्त-आव आणि मुरडा असेल तर संशय कोलायटिसवर जातो, आणि शंका असेल तर कॅल्प्रोटेक्टिन कामी येतं. पायांना मुंग्या आल्या, की दोष साखरेला. पण बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या नेमक्या शेवटच्या भागात शोषलं जातं, आणि क्रोन्समध्ये तोच भाग सुजलेला किंवा कापून काढलेला असतो. त्यावर अनेक वर्षांचं मेटफॉर्मिन आणि शाकाहार, म्हणजे कमतरता जवळपास ठरलेली. इंजेक्शनांनी ती भरून निघते. वेळ दवडली तर नसांची इजा कायमची राहते.

सगळ्यांत फसवी आहे ती पायावरची जखम. मधुमेह्याच्या पायावर व्रण दिसला, की सर्जन मृत भाग खरवडून काढतात, आणि मधुमेहाच्या व्रणाला तेच योग्य. आयबीडीत मात्र पायोडर्मा गँग्रिनोसम नावाचा व्रण बहुधा नडगीवर येतो. लहानशा पुळीपासून सुरू होऊन काही दिवसांत पसरतो, कडा जांभळट आणि आतून पोखरलेल्या, वेदना प्रचंड. तो खरवडला, की आणखी चिघळतो. त्याला दाह कमी करणारं औषध लागतं. बधिर तळव्यावरची न दुखणारी जखम आणि नडगीवरची असह्य दुखणारी जखम यांतला फरक रुग्णानं स्वतः सांगावा, आणि ‘मला कोलायटिस आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावं.

क्षयाबद्दल आपल्या देशात दुप्पट सावध राहायला हवं. मधुमेहानं क्षयाची शक्यता वाढते, स्टेरॉइडनं वाढते, आणि इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबनं तर सुप्त क्षय जागा होऊ शकतो. ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा आयजीआरए चाचणी टाळू नये. न्यूमोनिया, फ्लू, कावीळ-बी यांच्या लसीही शक्यतो आधीच उरकाव्यात.

मोठ्या आतड्याचा दाह आठ वर्षं जुना झाला, की कर्करोगावर नजर ठेवण्यासाठी ठरावीक अंतरानं कोलोनोस्कोपी करावी लागते. आदल्या दिवशी जेवण बंद, जुलाबाचं औषध आणि नुसते पातळ पदार्थ; मधुमेह्याला हा दिवस फार जपून काढावा लागतो. वेळ सकाळची पहिली मागून घ्यावी. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी किमान तीन दिवस आधी थांबवायची, इन्सुलिन किती कमी करायचं, हे तारीख ठरतानाच लिहून घ्यावं. त्या दिवशी दर तीन-चार तासांनी साखर तपासावी. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सफरचंदाचं सरबत चालतं. लाल किंवा जांभळं काही घेऊ नये, कारण दुर्बिणीतून ते रक्तासारखं दिसतं. साखर ७०च्या खाली गेली, तर तपासणीसाठी उपाशी आहोत म्हणून थांबू नये, पाण्यात ग्लुकोज घालून लगेच प्यावं आणि आत गेल्यावर डॉक्टरांना तसं सांगावं. त्यानं तपासणी रद्द होत नाही. बाहेर आल्यावर पहिलं खाणं हलकं घ्यावं. थांबवलेल्या गोळ्या मात्र दोन वेळचं नेहमीसारखं जेवण पोटात टिकल्यावर, विचारूनच परत सुरू कराव्यात.